गडाची वाट आपल्या शिवारातून जाते तेव्हा

प्रश्न विचारणाऱ्या ताई राजगडाच्या घेऱ्यात राहतात. पाच एकर शेती: भाताची खाचरं, वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी, घरामागे भाजीचा तुकडा, चार गाई, थोड्या शेळ्या-कोंबड्या. सेंद्रिय शेतीचं हे तिसरं वर्ष, गावातल्या पीजीएस गटात (एकमेकांची शेतं तपासून सेंद्रियची हमी देणारा शेतकऱ्यांचा गट) त्या आहेत. गडाकडे जाणारी जुनी पायवाट त्यांच्या खाचरांच्या बांधावरून येते आणि गोठ्याला घासून अंगणातून वर जाते. शनिवार-रविवारी पहाटे चारपासून माणसांची रांग असते. बांध फुटतात, कोंबड्यांमागे कुत्री लागतात, कोणी काकड्या तोडतं, कोणी दार वाजवून पाणी मागतं. सासरे म्हणतात फाटक करून कुलूप लावू. दीर म्हणतात वाटेवर हॉटेल टाकू. ताईंना दोन्ही नको आहे. त्या विचारतात, ‘लोकांना चालू द्यायचं आहे, पण आमचं जगणं आणि शेती मोडायची नाही. हे जमतं का?’

ताई, जमतं. मी मुळशीकडे सेंद्रिय शेती करतो. आमच्या शिवारातूनही वाट जाते, आणि इतर शेतकऱ्यांच्या शिवारातल्या वाटा आखायला मी हातभार लावत आलोय. त्यावरून माझं मत आधीच सांगतो. कुलूप लावू नका. वाट अंगणातून आणि खाचरांमधून काढून शिवाराच्या कडेला न्या, आणि ती जुन्या वाटेपेक्षा चालायला सोपी करा. चालणारा माणूस पाटी वाचून वळत नाही, पायाखालची जमीन पाहून वळतो. जिथे चिखल नाही, काटा नाही, चढ अंगावर येत नाही, तिकडेच पाय जातात. तुमची बहुतेक भांडणं या एका कामाने मिटतील. उरलेल्या थोड्यांसाठी पाट्या, गावाची समजूत आणि क्वचित कडक शब्द लागतील.

गर्दी कमी होईल ही आशा मात्र सोडा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे, लोहगड, शिवनेरी, साल्हेर हेही आहेत. या गडांच्या पायथ्याच्या शिवारांतून आज जेवढी माणसं जातात त्याहून जास्त जाणार. त्यामुळे ‘यंदा कसंबसं भागवू’ असा विचार न करता पुढची वीस वर्षं टिकेल अशी वाट आखायला हवी.

आखणीआधी एक भेद मनात पक्का करा, कारण मी पाहिलेल्या चुकीच्या निर्णयांपैकी बरेचसे तो न केल्याने झाले. तुमच्या वाटेवर दोन तऱ्हेची माणसं चालतात. एक तुमच्या गावची: गुरं घेऊन माळावर जाणारा शेजारी, हिरड्याला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, वरच्या वस्तीवरून दुधाची किटली घेऊन उतरणारा माणूस, गडावर ताक-सरबत विकून घर चालवणाऱ्या मावश्या. दुसरी हौसेने येणारी. पहिल्यांची वाट हे त्यांचं जगणं आहे, दुसऱ्यांची वाट हा आनंद आहे. आनंदालाही मी कमी लेखत नाही. शहरातला मुलगा पहिल्यांदा भाताची लोंबी हातात घेतो ते मला मनापासून आवडतं. पण नियम करताना या दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही. कुलूप लावलं की पहिला फटका बसतो तो दुधाच्या किटलीला. ट्रेकवाले कुंपण वाकवून जातातच.

आमच्या तालुक्यात फार्महाउससाठी जमिनी घेतलेल्यांनी काटेरी तारा ओढल्या आणि देवराईला, पाणवठ्याला, अगदी स्मशानाला जाणाऱ्या वाटा बंद झाल्या. त्याचा राग गावात अजून आहे, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याने तरी त्या रांगेत बसू नये. शिवाय सेंद्रिय शेती करणाऱ्याला शेजारी दुखावून चालतच नाही. तो कधी फवारणार हे त्याने तुम्हाला आदल्या दिवशी सांगायला हवं असेल तर त्याची गुरं तुमच्या कडेने जायला हवीत. दिवाळीनंतर मेंढपाळ या घाटांतून उतरतात. काढणी झालेल्या खाचरात चार रात्री मेंढ्या बसवल्या तर जे खत मिळतं ते विकत घेऊन परवडणार नाही. वाट बंद असलेल्या शिवारात मेंढपाळांचा वाडा, म्हणजे कळपासह मुक्काम, थांबत नाही. (मेंढ्या बसवल्याची तारीख आणि वाडा कुठून आला हे तुमच्या पीजीएसच्या डायरीत लिहायला विसरू नका. बाहेरून आलेल्या खताची नोंद लागतेच.)

आता कागद. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. त्यात दोन तुटक रेषा असतील तर तो गाडीमार्ग, एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तुमची वाट अशी रेषा होऊन नकाशावर असेल तर ती तुमची नाहीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या असतात. ती बंद करता येत नाही, नांगरता येत नाही, मनाने सरकवताही येत नाही.

नकाशावर नसेल, पण शेजारी आपल्या शेतात किंवा कुरणात जाण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत असतील, तर ती वहिवाट. ती अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली ते तहसीलदाराकडे जाऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. ही दोन्ही कलमं शेतकऱ्यांसाठी आहेत. रविवारी गडावर जाणाऱ्याला त्यांचा आधार घेता येत नाही. २०२५ पासून शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचं धोरण आलंय, तेव्हा तुमचा उतारा एकदा नव्याने काढून पाहा.

उरते ती तिसरी शक्यता: नकाशावर नाही, वहिवाटही नाही, गेल्या काही वर्षांत ट्रेकवाल्यांनी पाडलेली आडवाट. ती तुम्ही बंद करू शकता. चालू ठेवायची असेल तर दोन्ही टोकांना ‘ही वाट मालकाच्या संमतीने खुली आहे’ अशी पाटी लावा आणि पाटीचा तारखेसह फोटो ठेवा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं हक्काने, उघडपणे आणि अखंड वापर झाला तर वाटेचा हक्क तयार होऊ शकतो. संमतीने झालेला वापर त्यात धरला जात नाही. सासऱ्यांच्या मनात ‘आज चालू दिलं तर उद्या जमीन जाईल’ ही भीती असणार. ही पाटी त्या भीतीचं उत्तर आहे. तरीही तुमच्या गटनंबरापुरता सल्ला तालुक्याच्या वकिलाकडून घ्या. दिवाणी दावा लागल्यावर वकील शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तुमच्या सांगण्यावरून मला वाटतं की खालची वाट नकाशावर असेल आणि अंगणातला तुकडा नंतर पडलेला असेल. जुनी पायवाट बहुतेक गोठ्याच्या वरच्या अंगाने जात असणार, गोठा बांधल्यावर ती सरकली असेल. तसं निघालं तर उत्तमच. पण सगळी वाट नकाशावरची निघाली तरी घाबरू नका. जुनी वाट उघडी ठेवायची आणि कडेने दुसरी, चांगली वाट करायची. याला कोणाची हरकत नसते. दोन पावसाळ्यांत पाय आपोआप नवीकडे वळतात आणि जुनीवर फक्त शेजारी उरतात, म्हणजे ज्यांची ती खरी आहे तेच.

नवी वाट कुठून काढायची? इथे सेंद्रिय शेतकऱ्याला एक सोय आहे जी इतरांना नाही. रासायनिक शेती करणाऱ्या शेजाऱ्याकडून फवारा किंवा पाणी येऊ नये म्हणून तुम्हाला त्या बांधाला मोकळी पट्टी सोडावीच लागते. त्या पट्टीतलं पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, म्हणजे ती जमीन तशीही अडकलेली असते. वाट त्याच पट्टीत घाला. एकाच पट्टीत दोन कामं झाली आणि पिकाखालची जमीन कमी झाली नाही.

मांडणी अशी करा. शेजाऱ्याच्या बाजूला चर, मग फूटभर उचललेली वाट, मग तुमच्या बाजूला जिवंत कुंपण. खाचरं उतरती असतील तर शेजाऱ्याचं युरियाचं पाणी तुमच्या वरच्या खाचरात उतरतं. ही चर ते पाणी बाहेरून ओढ्याला नेईल. गटाच्या तपासणीत ही चर दाखवा, फार उपयोग होतो. कुंपणाला गिरिपुष्प आणि निरगुडी मिसळून लावा. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येतो, निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत आणि ती कीड रोखणाऱ्या दशपर्णी अर्कालाही लागते. जिथून लोक आत घुसतात असं तुम्हाला पक्कं माहीत आहे, तिथे करवंद लावा. करवंदाच्या जाळीपुढे पाटीची गरज राहत नाही. एक लक्षात ठेवा, या पट्टीतली करवंदं घरात खा, वाटसरूंना खाऊ द्या, पण सेंद्रिय म्हणून विकू नका. शेजाऱ्याला मात्र सांगून ठेवा की फवारणी शनिवार-रविवार सोडून कर. वाटेने लहान मुलं चालतात म्हटल्यावर आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

वाटेची रुंदी चार फूट पुरे. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील आणि दुचाकी आणायचा मोह होणार नाही. वर मुरूम, पण मावळातल्या पावसात नुसता मुरूम एका आषाढात वाहून जातो. चढ असेल तिथे दर दहा-बारा पावलांवर तिरकी दगडी आडवण घाला म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला पडेल. पाणी साचणाऱ्या जागी सपाट काळे दगड एकेका पावलाच्या अंतरावर बसवा. हे दगड म्हणजे या कामाचा जीव आहे. डबकं दिसलं की माणूस त्याला वळसा घालतो, मागचा त्याहून मोठा वळसा घालतो, आणि चार फुटांची वाट श्रावणापर्यंत पंधरा फुटांची होते, ती तुमच्या भातातून. पायऱ्या करायच्या झाल्या तर उंची सहा इंचांपेक्षा जास्त नको. उंच पायरी टाळून लोक कडेने चढतात आणि कडेची माती उखडते.

खाचराच्या ज्या बांधावरून आत्ता वाट जाते तो बांध साधारण फूट-दीड फुटाचा असेल. तो चालण्यासाठी बांधलेलाच नाही. लावणीनंतर खेकड्यांनी आतून पोखरलेला असतो, त्यावर तीस माणसांचे बूट पडले की बसतो, आणि एका रात्रीत खाचर कोरडं पडतं. सेंद्रिय भातात हे दुप्पट महाग आहे, कारण साचलेलं पाणी हेच आपलं तणनाशक. पाणी गेलं की तण उठतं आणि ते हाताने उपटावं लागतं. म्हणून नवी वाट होईपर्यंतही एक काम लगेच करा: ज्या बांधावरून लोक येतात तेवढाच एक बांध तीन फूट रुंद करा, दोन्ही उतारांना वाळ्याचं गवत लावा. बाकीच्या बांधांवर तुरीची रांग धरा. तूर उभी राहिली की बांधावरून चालायची इच्छा कमी होते आणि घरच्या डाळीची सोय होते.

इंग्लंडमध्ये यासाठी कायदाच आहे. शेताच्या मधून गेलेली सार्वजनिक पायवाट नांगरली तर शेतकऱ्याने ती १४ दिवसांत किमान एक मीटर रुंदीने पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते. आपल्याकडे इतकी काटेकोर तरतूद नाही, पण त्यामागचा व्यवहार घेण्यासारखा आहे. नांगरणी, चिखलणी, बांधबंदिस्ती झाली की त्याच आठवड्यात वाटेची रेघ पुन्हा स्पष्ट करा. रेघ पुसट झाली की लोक शेतभर पसरतात.

कुंपणात जिथे वाट शिरते तिथे फाटक ठेवू नका, ते कोणी लावत नाही. माणूस आडवा होऊन जाईल पण गाय-शेळी शिरणार नाही अशी वाकडी, नागमोडी फट ठेवा: दोन दगडी खांब, त्यांच्यामागे हातभर अंतरावर तिसरा. गुरांच्या वाटेला वेगळं कवाड लागेल, त्याला दोरीने दगड टांगा म्हणजे ते आपोआप मिटतं.

पाट्यांबद्दल थोडंच. ‘प्रवेश बंद’ लिहिलेली पाटी माणसाला फक्त विचारात पाडते की मग जायचं कुठून. ‘गडाची वाट इकडून’ लिहा, बाण काढा आणि किती वेळ लागतो ते लिहा. सबंध शिवारात एकच मनाईची पाटी ठेवा, ती कुत्र्यांबद्दल.

कुत्र्यांचा विषय मी हलका घेत नाही. कोंबड्या आणि शेळ्यांचं नुकसान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान मोठं आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात किंवा पाण्यात गेला तर गाई गाभडतात. विष्ठेतल्या दुसऱ्या एका फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होतात, आणि आपण कच्ची खायची कोथिंबीर, मेथी, मुळा वाटेलगत लावलेला असतो. म्हणून तीन गोष्टी करा. पालेभाजीचा तुकडा वाटेपासून दूर हलवा. गंजी आणि गव्हाण झाकलेली ठेवा. आणि ‘कुत्रा दोरीला बांधूनच न्यावा, मोकळा सोडल्यास परत पाठवू’ असं लिहून तसंच वागा. गडाच्या वाटेवर ट्रेकवाल्यांमागे बिस्किटाच्या आशेने फिरणारी गावची कुत्रीही यात येतात. त्यांच्या लसीकरणाचं आणि नसबंदीचं ग्रामसभेत बोला. तुमच्या घरच्या कुत्र्यालाही जंताचं औषध वेळेवर द्या.

दुसरी गोष्ट लोक बोलायला लाजतात. पहाटे चारला पुण्याहून निघालेल्या माणसांना इथे पोचल्यावर शौचाला जायचं असतं, आणि सोय नसते. मग ती तुमच्या वरकस जमिनीत जातात. खायच्या पिकाला मानवी विष्ठेचा संपर्क सेंद्रियच्या नियमांत बसत नाही, आणि नियम नसता तरी आपल्याला तो नकोच. याचा उपाय तुमच्या शिवारात नाही, गाड्या लागतात तिथे आहे. वाहनतळापाशी पाणी असलेलं, रोज साफ होणारं शौचालय हवं, आणि त्याचा खर्च वाहनतळाच्या पावतीतून निघायला हवा. हा ठराव ग्रामपंचायतीत मांडा. ताई, तुम्ही बचत गटातल्या बायकांना घेऊन गेलात तर तो लवकर होईल, कारण याचा त्रास सगळ्यांत जास्त त्यांनाच आहे.

बुटांच्या चिखलातून गाजरगवत येतं, रानमोडीही येते. वाटेच्या दोन्ही बाजू पावसाळा संपेपर्यंत पंधरवड्याला एकदा पाहायच्या आणि फुलावर येण्याआधी उपटायचं. हे काम लहान आहे, पण दोन वर्षं चुकलं तर खाचरापर्यंत पोचतं. गडवाटेवर धावण्याच्या स्पर्धा भरवणारे ऑइलपेंटचे बाण आणि प्लास्टिकच्या फिती लावतात, गाई त्या फिती खातात. लेखी विचारल्याशिवाय कोणत्याही स्पर्धेला किंवा मोठ्या गटाला वाट द्यायची नाही, आणि खुणा कापडाच्या लावून त्याच संध्याकाळी काढून न्यायच्या अटीवरच द्यायची. ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम खात्याला वाटेकडेला तणनाशक मारू नका असं लेखी कळवून पोच घ्या. ती पोच गटाच्या फाइलला लावा.

होळीच्या आसपास आगीची काळजी. आपल्या शेतात आच्छादन असतं, म्हणजे जमिनीवर वाळका पालापाचोळाच अंथरलेला असतो. एक पेटती विडी पुरते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाटेच्या तुमच्या अंगाला सहा-सात फुटांची पट्टी साफ करून घ्या आणि आच्छादन तिथवर आणू नका. वन विभाग डोंगरावर जाळरेषा काढतो, तोच विचार. तंबू ठोकू द्यायचे नाहीत, शेकोटी तर नाहीच. यात मी सवलत देत नाही. काढणी झालेल्या खाचरात तंबू टाकायला आजकाल चांगले पैसे देऊ करतात. पण रात्रीचा गोंगाट, बाटल्यांच्या काचा आणि सकाळी धसकटात राहिलेली राख हे त्या पैशांत बसत नाही. काच एकदा चिखलात गेली की लावणीच्या वेळी बाईच्या पायात निघते.

शेततळं असेल तर इतर कशाच्याही आधी त्याला कुंपण घाला. प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या कडा ओल्या झाल्या की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले असावेत, हवेच्या ट्यूब असाव्यात. बिनकठड्याची विहीर वाटेच्या पन्नास पावलांत असेल तर कठडा आणि वर जाळी. सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांची तोंडं वाटेकडे नकोत. जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या द्रव खताचे) पिंप वाटेवरून दिसणार नाहीत अशा जागी, झाकण लावून ठेवा. शहरातली मुलं कुतूहलाने हात घालतात. सौर झटक्याचं कुंपण डुकरांसाठी लावलं असेल तर वाटेच्या बाजूला ठळक पाटी हवी, आणि घरच्या लाइनची वीज थेट तारेत सोडणं तर गुन्हाच आहे.

आता घराबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात शेतीपेक्षा मला ते जास्त जाणवलं. अंगणातून वाट जाते म्हणजे पहाटे धारा काढताना, केस विंचरताना, म्हातारं माणूस ओसरीवर झोपलेलं असताना अनोळखी माणसं चार फुटांवरून जातात. कोणी फोटो काढतं, कोणी पोरांना चॉकलेट देतं, कोणी विचारतं ‘इथे चहा मिळेल का’. प्रत्येक माणूस एकदाच विचारतो, तुम्हाला ते दिवसभर ऐकावं लागतं. आणि उत्तर द्यायला उठावं लागतं ते घरातल्या बाईलाच. पुरुष शेतावर असतात, पाणी देणं, रस्ता सांगणं, हरवलेल्याला फोन लावून देणं हे सगळं तिच्या वाट्याला येतं. वाटेचा हिशोब मांडताना हे काम कोणी धरत नाही. तुम्ही घरात हा विषय स्पष्ट काढा. अंगण ही वाट नाही, हे घरच्यांनी आधी एकमताने ठरवायला हवं, मग बाहेरच्यांना सांगणं सोपं जातं.

उपाय साधे आहेत. नवी वाट फुटते त्या तोंडाशी पाण्याची सोय करा: झाकणाचा माठ किंवा नळ, त्याच्याजवळ बसायला दगडी कट्टा, गडाचा हाताने काढलेला मोठा नकाशा आणि आपत्कालीन ११२ क्रमांक. पाणी नाकारायचं नाही, ती आपली रीत नाही. पण ते दारापासून दूर ठेवता येतं. आमच्याकडे दार वाजणं जवळजवळ थांबलं ते पाटीने नाही, माठाने. माठ रोज कोण भरणार हे मात्र नावानिशी ठरवा, आणि ते नाव तुमचंच असू नये.

काही दिवस शिवार फक्त तुमचं असायला हवं. लावणीचे चार-पाच दिवस, मळणी, बेंदूर, गाय व्यायला आली असेल ती रात्र, घरचं कार्य. नकाशावरची वाट या दिवशीही बंद करता येणार नाही. तुमच्या संमतीची वाट करता येते. नुसती दोरी बांधू नका, दोरीला पाटी लावा: ‘भातलावणी चालू आहे, ही वाट रविवारपासून पुन्हा खुली’. कारण आणि तारीख दिली की लोक ऐकतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या पाटीतून येणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की इथे काम चालतं.

पैशांबद्दल दिरांचा मुद्दा पूर्ण उडवून लावू नका. माझा नियम असा: वाटेने जायचे पैसे घ्यायचे नाहीत, आपल्या वेळेचे घ्यायचे. वाटेचे पैसे घेतले की गावकरी आणि पाहुणा यांच्यात रोज भांडण उभं राहतं. त्याऐवजी वर्षातून चार-सहा वेळा ठरलेल्या दिवशी शिवारफेरी ठेवा. पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत, दोन तास, आधी नोंदणी, माणशी शुल्क. जीवामृत कसं करतात, बांधावर तूर का, ही चर कशासाठी, हे तुमच्या तोंडून ऐकलेला माणूस पुढच्या वेळी बांध तुडवत नाही आणि वर्षाचा तांदूळही तुमच्याकडून नेतो. अशा ग्राहकांवर आज आमच्या घरच्या तांदळाची मोठी विक्री उभी आहे. माणसांच्या संख्येला मर्यादा घालणं लोकांना पटत नाही असं म्हणतात, पण कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी लोकांनी स्वीकारलीच.

दिरांनी हॉटेल टाकायचं तर ते वाहनतळाजवळ, शिवाराबाहेर. ताक, नाचणीचे लाडू, पिठलं-भाकरी. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. मुक्कामाची सोय पुढे कधी करावीशी वाटली तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पण ती दोन-तीन वर्षांनी. आधी वाट बसू द्या.

आणि भांडणं होतील. दारू पिऊन आलेला गट, ‘गड काय तुमच्या बापाचा आहे का’ म्हणणारा एखादा. त्याच्याशी घरातल्या एकट्या माणसाने बोलू नये. गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांचा गट करा, ज्यांच्या शिवारातून गडवाट जाते त्यांचाच. नियम सगळ्यांचे सारखे ठेवा, पाट्या एकाच रंगाच्या. तुमचा पीजीएस गट आहेच, किमान पाच शेतकऱ्यांचा, तोच हे काम घेऊ शकतो. एका शेतकऱ्याने अडवलं की तो आडमुठा ठरतो, पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली की ती गावची रीत होते.

क्रम असा धरा. या महिन्यात गाव नकाशा आणि सातबारा. नकाशा आला की सासऱ्यांना घेऊन शिवार चाला आणि जुनी वाट कुठून जात होती ते त्यांनाच दाखवायला सांगा. त्यांना माहीत असलेल्या खुणा कोणत्याही कागदावर नसतात, आणि कुलपाचा आग्रह त्या फेरीत बराच मवाळ होईल. शेजाऱ्यांशी बोलून कडेची आखणी करा, तोंडी ठरलं तरी दोन ओळी लिहून सह्या घ्या. चर आणि मातीचा भराव उन्हाळ्यात, दगड मे महिन्यात. भराव ओला करून दाबून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात खचेल. गिरिपुष्पाच्या अंगठ्याएवढ्या जाड, हात-दीड हात लांब काड्या पहिल्या दमदार पावसानंतर लगेच लावा. रोवताना खालचं टोक तिरकं कापा, आणि शेळ्या पहिलं वर्षभर तिकडे फिरकू देऊ नका.